दृष्टीपलीकडचे बिनोदबाबू

खरं सांगायचं तर हा लेख मी माझ्या एका चुकीमुळे लिहितेय. आमच्या फेस्टमध्ये अपंग मुलांनी आणि मोठ्यांनी काढलेल्या चित्रांचा एक स्टॉल होता. त्याचा बोर्ड मी रंगवला आणि त्यावर मोठ्ठ्या अक्षरांत मदतीचं आवाहन केलं. चित्रं पटापट खपली, पण थांबून नीट बघितली कुणीच नाहीत. मीसुद्धा नाही! हे लक्षात आलं ते बिनोदबिहारी मुखर्जींबद्दल वाचल्यावर.

बिनोदबाबूंचा जन्म १९०४ चा, कोलकात्यातल्या बेहालाचा. लहानपणापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसरा खूपच अधू. नेहमीच्या शाळेत जमेना, म्हणून घरच्यांनी रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात पाठवलं. १९१९ मध्ये तिथे कलाभवन सुरू झालं आणि हा मुलगा तिथल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांपैकी एक झाला. नंदलाल बोस त्यांचे गुरू. पुढे ते स्वतः तिथेच शिकवू लागले. सत्यजित राय आणि के. जी. सुब्रमण्यन हे त्यांचे विद्यार्थी.

१९४६-४७ मध्ये त्यांनी तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं प्रचंड भित्तिचित्र काढलं. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत आणि सूरदासही. फ्रेस्को म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग लावायचे. गिलावा वाळायच्या आत काम संपलं पाहिजे, खोडाखोडीला वावच नाही. आणि हे त्यांनी पूर्ण आकाराचं रेखाटन आधी भिंतीवर न उतरवता केलं, तेही एका अधू डोळ्यावर! ड्रॉइंग शीटवर एक सरळ रेघ मारायला मला मिनी-ड्राफ्टर आणि तीनदा रबर लागतो, त्यामुळे मी तर थक्कच झाले.

पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं आणि होती ती नजरही गेली. चित्रकाराची दृष्टी गेली म्हणजे सगळं संपलं, असंच कुणालाही वाटेल. पण ते कलेचा इतिहास शिकवत राहिले. रंगीत कागद कापून, चिकटवून चित्रं केली, बोटांनी चाचपत छोटी शिल्पं घडवली. १९७२ मध्ये कलाभवनात सिरॅमिक टाइल्सचं मोठं म्युरल उभं केलं. त्याच वर्षी सत्यजित रायनी आपल्या या सरांवर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. १९७४ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १९८० मध्ये ते गेले.

जन्मशताब्दीनिमित्त नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टने २००६-०७ मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. दृष्टी गेल्यानंतरची कामंही त्यांच्या चित्रकलेचाच पुढचा टप्पा म्हणून अभ्यासली जातात, कीव म्हणून नाही.

आमच्या स्टॉलवरच्या चित्रकारांना मी तेवढाही मान दिला नव्हता. एकाचंही नाव बोर्डवर नव्हतं. पुढच्या वेळी बोर्ड पुन्हा मीच रंगवणार आहे. प्रत्येक चित्राखाली फक्त दोन ओळी असतील: चित्राचं नाव आणि चित्रकाराचं नाव. बाकी बघणाऱ्याने बघावं.