जबलपूरचा स्लीमन आणि तराईचा ताप

विल्यम हेन्री स्लीमन कोण, असे आमच्या वर्गात विचारले तर एकच उत्तर येते : ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी. आम्हा जबलपूरच्या मुलांना त्याची थोडी जास्त ओळख असते, कारण कटनीच्या रस्त्यावर स्लीमनाबाद नावाचे गावच लागते. आमचे घर जबलपूरला राइट टाउनमध्ये आहे. आजोबांच्या कपाटात स्लीमनच्या प्रवासवर्णनाचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे आणि त्याच्या सुरुवातीला संपादकाने लिहिलेले स्लीमनचे छोटेसे चरित्र आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी ते ठगांच्या गोष्टींसाठी हातात घेतले, पण अडकलो भलतीकडेच. ठग येण्याच्या कितीतरी आधी, तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना, एका तापाने त्याला जवळजवळ संपवले होते. हा लेख त्या तापाबद्दल आणि तापातून उठलेल्या माणसाबद्दल आहे.

स्लीमनचा जन्म ऑगस्ट १७८८ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील स्ट्रॅटन या गावी झाला. १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात त्याची निवड झाली, तीही कॅडेट म्हणूनच. तेव्हा वय २१. पुढची सगळी नोकरी त्याने हिंदुस्थानातच केली. इथल्या भाषा तो मनापासून शिकला. डिसेंबर १८१४ मध्ये तो लेफ्टनंट झाला. त्याच सुमारास कंपनीची नेपाळशी लढाई पेटली होती.

या युद्धातील खलंगाच्या किल्ल्याची लढाई आपल्याला माहीत आहे. बलभद्रच्या मूठभर गोरख्यांनी इंग्रजांना कसे झुंजवले आणि जनरल गिलेस्पी तिथे कसा पडला, हे आपण वाचलेले असते. तराईबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. हिमालयाच्या पायथ्याशी साल वृक्षांचे जंगल, उंच गवत आणि दलदल यांचा एक लांबच लांब पट्टा आहे, त्याला तराई म्हणतात. तिथल्या तापाला नेपाळी लोक औलो म्हणत. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने बाहेरचा माणूस तिथे रात्र काढायला तयार नसे. थारू लोक पिढ्यान् पिढ्या तिथे राहिले, त्यांना हा ताप इतरांपेक्षा कमी बाधत असे. डोंगर उतरून कुणी चाल करून यायचे म्हटले किंवा मैदानातून वर चढायचे म्हटले, तर वाटेत हा पट्टा ओलांडावाच लागे. एका अर्थी तो नेपाळचा बिनपगारी पहारेकरीच होता.

स्लीमनच्या पलटणीत तापाची साथ शिरली ती या युद्धाच्या काळात. त्याने स्वतः नोंदवलेले आकडे असे आहेत. पलटणीत सुमारे ७०० माणसे होती. त्यातल्या ३०० जणांना आजारपणाच्या रजेवर घरी पाठवावे लागले. जे मागे राहिले त्यांतले बहुतेक जण आजारीच होते आणि पुष्कळ जण मेले. पलटणीबरोबर गोरे अधिकारी साधारण १० होते. त्यांतल्या ७ जणांना ताप आला, ५ जण दगावले, आणि जवळजवळ सगळे भ्रमातच गेले. वाचलेल्या दोघांतला एक स्लीमन. तोही कित्येक दिवस शुद्धीवर नव्हता, बरळत होता.

मी हे वाचून आमच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या खाटा मोजल्या. आमच्या ओळीत बरोबर १० आहेत. त्यातल्या ५ रिकाम्या झाल्या, आणि त्यासुद्धा शत्रूची एक गोळी न सुटता, असे मनात आणून बघा. पलटणीचा हजेरीपट वाचणारा सुभेदार रोज सकाळी काय करत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आणि त्या ३०० शिपायांचे काय? बंगाल सैन्यातले बहुतेक शिपाई अवध आणि बिहारच्या खेड्यांतले असत. रजा मिळाली म्हणजे आगगाडीत बसून घरी गेले असे नाही, तेव्हा आगगाडी नव्हतीच. थंडी वाजून अंगात ताप भरायचा, घाम येऊन उतरायचा, आणि तशात पुन्हा चालायचे. चरित्रात स्लीमनचे नाव आहे, शिपायांची फक्त संख्या आहे. स्लीमनने निदान ती संख्या तरी लिहून ठेवली, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

त्या काळी उपचार म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीची कडू पूड, आणि तिच्या जोडीला रोग्याचे रक्त काढणे. आधीच तापाने रक्त आटलेल्या माणसाचे आणखी रक्त काढायचे! सालीतून क्विनाइन वेगळे काढण्याचे काम पॅरिसमध्ये १८२० साली झाले, म्हणजे स्लीमन आजारी पडल्यानंतर. ताप कशामुळे येतो याचे त्या वेळचे उत्तर होते : दलदलीतून निघणारी खराब हवा. मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही तोच आहे. स्लीमनच्या पलटणीत कुणाच्या रक्ताची काच कधी सूक्ष्मदर्शकाखाली गेली नाही. पण तराई, थंडीताप, भ्रम आणि पलटणभर साथ एवढे समोर ठेवले, तर तो बहुधा मलेरियाच, आणि त्यातही मेंदूपर्यंत चढणारा. डास त्या तंबूत होतेच, पण त्यांच्याकडे कुणी संशयाने पाहिले नाही.

१८२० मध्ये स्लीमन पलटणीतून मुलकी कामाकडे आला. आमच्या भागावर तोपर्यंत नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले आणि सागर-नर्मदा प्रांत म्हणून त्याचा कारभार सुरू केला. त्यातला नरसिंहपूर जिल्हा १८२२ पासून स्लीमनच्या हातात होता. जिल्ह्यात एवढीशी चोरी झाली तरी आपल्याला कळते, अशी त्याची खात्री होती. पुढे काही वर्षांनी पकडलेल्या ठगांच्या जबान्यांतून त्याला कळले की त्याच्या कचेरीपासून ४०० यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती, आणि एका मजलेवरच्या आमराईत वाटसरूंची प्रेते पुरलेली होती. हे त्याने लपवले नाही, आपल्या पुस्तकात लिहून ठेवले.

१८२८ मध्ये जबलपूर जिल्हा त्याच्याकडे आला. त्याच वर्षी बडा शिमला टेकडीवर त्याला दगड झालेली प्रचंड हाडे सापडली. ती डायनासोरची होती. डायनासोर हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव १८७७ मध्ये मिळाले. (माझ्या वर्गमित्रांना जबलपूर फक्त भेडाघाटासाठी माहीत आहे, म्हणून ही माहिती मुद्दाम दिली.) १८२९ मध्ये त्याने जबलपूरलाच लग्न केले. पत्नी आमेली ही एका फ्रेंच सरदाराची मुलगी होती.

मग ठग. ती हकीकत सगळ्यांना पाठ असल्यामुळे मी फक्त त्याच्या पद्धतीबद्दल लिहितो. पकडलेल्या ठगांतले काही जण माफीचे साक्षीदार झाले, फिरंगिया हा त्यांतला सर्वात प्रसिद्ध. स्लीमन त्यांना तासन् तास बोलते करी. कोण कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, याच्या वंशावळी त्याने तयार केल्या, खुनाच्या जागा नकाशावर मांडल्या, आणि ठगांच्या रामासी या गुप्त बोलीचा कोशच १८३६ मध्ये छापला. जबलपूरला साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी तंबू आणि गालिचे विणण्याची शाळा काढली. ठगीचे चित्र त्याने फार भडक रंगवले, असे आजचे काही इतिहासकार म्हणतात. माफीचा साक्षीदार जीव वाचवण्यासाठी काहीही सांगेल, ही शंका मलाही आली. तरी त्याची चिकाटी नाकारता येत नाही. दोनच रोग्यांकडे पाहून तो थांबला नाही, सगळ्या साथीचा माग काढत गेला. तापाच्या साथीचा असा माग काढायला मात्र त्याच्या काळात कुणाकडे साधनच नव्हते.

१८३५ पर्यंत कामाने आणि हवामानाने त्याची प्रकृती खालावली. मग नोव्हेंबरात तब्येत सुधारावी म्हणून तो रजा घेऊन जबलपूरहून हिमालयाकडे निघाला. निघण्याआधी मंडळी भेडाघाटला जाऊन आली. बरोबर पत्नी आणि लहानगा मुलगा होता. सागर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, मेरठ असा तो मुक्काम करत गेला. वाटेत शेतकरी, शिपाई, पुजारी, जमीनदार जो भेटेल त्याच्याशी बोलला, आणि सगळे बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात मांडले. ते पुस्तक १८४४ मध्ये निघाले. आजोबांच्या कपाटातले तेच. म्हणजे त्याचे सर्वात गाजलेले पुस्तक आजारपणाच्या रजेत जन्मले. डोंगरात गेले की ताप सुटतो, हे तेव्हाच्या गोऱ्या लोकांना अनुभवाने माहीत होते. त्याचे श्रेय ते शुद्ध हवेला देत. खरे कारण असे की उंचावरच्या थंडीत मलेरियाचे डास कमी असतात आणि त्यांच्या पोटातल्या जंतूची वाढही नीट होत नाही.

डासाचा गुन्हा उघडकीला आला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला. शोधणाराही लष्करातलाच डॉक्टर, रोनाल्ड रॉस. त्याने रोग्याला चावलेल्या डासाचे पोट फाडले आणि त्यात मलेरियाचा जंतू पाहिला. रॉसचा जन्म १८५७ मधला, अल्मोड्याचा. ज्या युद्धाच्या काळात स्लीमन तापाने बरळत पडला होता, त्याच युद्धात इंग्रजांनी अल्मोडा नेपाळकडून जिंकून घेतले होते.

आजोबांना मी हे सगळे सांगितले तेव्हा त्यांना स्वतःच्या लहानपणचा हिवताप आठवला. १९५३ मध्ये देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांच्या गावात डीडीटीचा पंप घेऊन माणसे येत आणि फवारणी झाली की भिंतीवर तारीख टाकून जात. आजी त्या तारखेवरून घर सारवू देत नसे, म्हणजे आजोबांची आजी. शेजारच्या मंडला जिल्ह्यात २०१७ पासून गावोगावी तापाचे रोगी शोधून, रक्त तपासून, औषध देऊन मलेरिया हटवण्याचे मोठे काम झाले. कोण आजारी, कुठल्या घरात, कुणाच्या शेजारी, अशी यादी करत जायचे. स्लीमन ठगांच्या मागे असाच गेला होता.

आमच्याकडे सूर्य मावळला की शर्टाच्या बाह्या खाली करण्याचा हुकूम असतो, आणि रात्री मच्छरदाणी गादीखाली खोचलेली नसेल तर शिक्षा मिळते. उकाड्यात आम्ही सगळेच कुरकुरतो. मलेरियाची मादी डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, त्यामुळे हुकूमाची वेळ अगदी बरोबर आहे. स्लीमनच्या पलटणीत हा हुकूम द्यायला कुणाकडे कारणच नव्हते.

स्लीमन पुढे १८४९ मध्ये लखनौला रेसिडेंट झाला. अवधच्या कारभारावर त्याने कडक टीका केली, पण ते राज्य खालसा करण्याला त्याचा विरोध होता. १८५४ मध्ये तब्येत पुन्हा ढासळली आणि तो परत डोंगरात गेला. या वेळी गुण आला नाही. १८५६ च्या सुरुवातीला तो मोनार्क या जहाजावर चढला आणि इंग्लंडच्या वाटेला लागला. १० फेब्रुवारीला, श्रीलंकेजवळ समुद्रातच, वयाच्या ६७ व्या वर्षी तो वारला. त्याच महिन्यात अवध खालसा झाले. जहाज कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापासून अजून कित्येक आठवडे दूर होते.