उसन्या घोड्याची किंमत

बापाने घोडा उसना दिला आणि त्याची किंमत मुलाने आयुष्यभर मोजली! इंका गार्सिलासो दे ला व्हेगाचं चरित्र वाचताना मला हा घोडाच आधी दिसतो.

गार्सिलासोचा जन्म १५३९चा, पेरूमधल्या कुस्कोचा. वडील स्पॅनिश कप्तान, आई चिंपू ओक्लो इंका राजघराण्यातली. पोरगा आईकडून केचुआ भाषा शिकला आणि आजोळच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून बुडालेल्या राज्याच्या कथा ऐकत वाढला. दोरांच्या गाठींतला इंकांचा हिशेबही त्याला वाचता येई. पुढे वडिलांनी रीतसर लग्न केलं ते मात्र एका स्पॅनिश बाईशी. आईचीही दुसरीकडे पाठवणी झाली.

वडिलांमागे, १५६०मध्ये तो स्पेनला गेला. वडिलांच्या चाकरीचा मोबदला मागायला दरबारात उभा राहिला, तर उत्तर मिळालं : तुझ्या बापाने वारिनाच्या लढाईत बंडखोर गोन्सालो पिसारोला आपला घोडा दिला, तसं इतिहासात लिहिलंय. अर्ज फेटाळला गेला. छापील ओळीपुढे पोराची साक्ष कोण ऐकणार?

मग त्याने स्वतःच लेखणी उचलली. पण लगेच नाही बरं का! आधी मोंतियाला काकांचा आश्रय, मग राजाच्या फौजेत कप्तानी. १६०९ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, लिस्बनमध्ये त्याचा इंकांचा इतिहास छापून निघाला. ‘मेस्तिसो’ ही मिश्र रक्ताच्या माणसाला दिलेली शिवी. ती त्याने मोठ्या अभिमानाने स्वतःला लावून घेतली. त्याने रंगवलेलं इंकांचं राज्य जरा जास्तच सोज्वळ आहे, हे खरं. आईच्या माहेराबद्दल कोण हातचं राखून लिहितो?

मला खटकतं ते वेगळंच. घरातल्या मोलकरणीपासून त्याला मुलगा झाला. तिच्याशी त्यानेही लग्न केलं नाही. जे आईच्या वाट्याला आलं, तेच त्याने दुसऱ्या बाईच्या वाट्याला दिलं.

१६१६मध्ये तो कोर्दोबाला वारला. पेरूला परतणं झालंच नाही. मशिदीचं कॅथेड्रल झालेल्या तिथल्या वास्तूत त्याला पुरलं. १७८०मध्ये तुपाक आमारूने पेरूत बंड केलं, तेव्हा सरकारने या पुस्तकाचाही धसका घेतला आणि त्यावर बंदी घातली. १९७८मध्ये त्याच्या अवशेषांचा काही भाग कुस्कोला नेण्यात आला. उरलेला कोर्दोबातच आहे.