सर्पाच्या हृदयापासून माणसाच्या हृदयापर्यंत : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवण्यात आले. अपघातात डोक्याला जबर इजा झालेल्या एका तरुण स्त्रीचे ते हृदय होते. शस्त्रक्रियेनंतर तो शेतकरी जेमतेम तीन तास जगला. तरीही या शस्त्रक्रियेची बातमी जगभर पोहोचली. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका वगळता हे धाडस तोवर कुठल्याही देशात झाले नव्हते, आणि त्यामागचे शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे असा प्रयत्न करणारे जगातील चौथे ठरले. प्राण्याचे हृदय माणसाला बसवावे काय, हा प्रश्न आज वैद्यकापुढे उभा असताना या विस्मृतीत गेलेल्या माणसाचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

सेन यांचा जन्म 1915 मध्ये कोलकात्यातील बंगाली कुटुंबात झाला. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबई. परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम या संस्था 1926 मध्ये उभ्या राहिल्या, त्या अध्यापक भारतीयच असावेत या राष्ट्रीय आग्रहातून. सेन येथेच शिकले आणि येथेच शिकवू लागले. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने अमेरिकेत जाऊन त्यांनी नवी शल्यचिकित्सा पाहिली. परतल्यावर त्यांनी महापालिकेच्या रुग्णालयात छातीच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांची परंपरा रुजवली.

ते काम सोपे नव्हते. हृदय थांबवून त्याच्या आत शस्त्रक्रिया करायची, तर तेवढा वेळ रक्ताभिसरण चालू ठेवणारे यंत्र हवे. ते परदेशातून आणणे महाग आणि आणले तरी चालवणे अवघड. मुंबईतल्या डॉक्टरांनी काही उपकरणे आयात केली, काही येथेच घडवली. हात बसावा म्हणून आधी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होत. हृदय काढून दुसरे बसवण्याचा सरावही त्यांच्यावरच झाला. माणसाच्या छातीला हात लावण्यापूर्वी किती मुक्या जीवांची किंमत मोजली गेली, याचा हिशेब कुठल्याही सत्कारसमारंभात मांडला जात नाही.

प्राण्यांकडे पाहण्याची सेन यांची आणखी एक दृष्टी होती आणि तीच त्यांच्या चरित्रातील सर्वांत मनोवेधक गोष्ट आहे. माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून येणाऱ्या रोहिण्यांतून. त्या तुंबल्या की झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात मात्र आतल्या पोकळीतले रक्त सूक्ष्म वाटांनी थेट स्नायूत झिरपते. सर्पाच्या हृदयाची ही रचना अभ्यासून सेन, डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. टी. ई. उदवाडिया आदी सहकाऱ्यांनी माणसाच्या हृदयस्नायूला सुईने छिद्रे पाडून तशाच वाटा करता येतील, अशी कल्पना मांडली. 1965 मध्ये तिच्यावरचा निबंध अमेरिकेतील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे सुईची जागा लेसरने घेतली आणि ही पद्धत काही काळ पाश्चात्त्य देशांतही वापरात आली. सर्पाचा अवयव न घेता त्याच्याकडून युक्ती घेण्याचा तो मार्ग होता.

त्याच सुमारास अमेरिकेत प्राण्याचा अवयवच घेण्याचा प्रयत्न झाला. जानेवारी 1964 मध्ये मिसिसिपीत डॉ. जेम्स हार्डी यांनी एका मरणासन्न रुग्णाला चिंपांझीचे हृदय बसवले. ते तासाभराहून थोडे अधिक चालले. रुग्ण बेशुद्ध होता. नातेवाइकांनी सही केलेल्या संमतीपत्रात प्राण्याच्या हृदयाचा उल्लेख नव्हता. हार्डी यांच्यावर एवढी टीका झाली की त्यांनी पुन्हा तो मार्ग धरला नाही.

सेन यांच्यापुढचा पेच वेगळा, पण त्याच जातीचा होता. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले आणि दोन-अडीच महिन्यांत मुंबई त्या पंक्तीत बसली. परंतु हृदय धडधडत असताना माणूस मेला असे केव्हा म्हणायचे, याला तेव्हा भारतात कायद्याचा आधार नव्हता. मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर आला. शिवाय जेथे साध्या आजारांचे गरीब रुग्णही मावत नव्हते, तेथे एवढा खर्चीक प्रयोग का, हा प्रश्न होताच. 1968 मध्येच सेन यांनी दुसरे हृदयरोपण केले. तो रुग्णही दिवसभर तगला नाही. परके हृदय शरीराने स्वीकारावे अशी परिणामकारक औषधे तेव्हा नव्हती. सेन थांबले.

1969 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1982 मध्ये त्यांचे निधन झाले. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयरोपण केले. सेन यांच्या पहिल्या प्रयत्नाला तेव्हा सव्वीस वर्षे लोटली होती.

प्राण्याच्या हृदयाचा प्रश्न मात्र मिटला नाही. 1997 मध्ये आसामातील सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय माणसाला बसवले. रुग्ण सुमारे आठवडाभर जगला आणि डॉक्टरांना अटक झाली. 2022 मध्ये अमेरिकेत मेरीलँडला जनुके बदललेल्या डुकराचे हृदय बसवलेला रुग्ण दोन महिने जगला. त्या हृदयातून डुकराचा एक विषाणूही आला होता, हे नंतर उघड झाले. डुकराच्या किंवा गायीच्या ऊतींपासून केलेल्या झडपा तर कित्येक वर्षांपासून रुग्णांना बसवल्या जात आहेत, आणि अनेकांना त्या कशाच्या आहेत हे विचारण्याचेही सुचत नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा शेतकरी हृदयाच्या दुखण्याने नागपूर गाठतो, आपल्याकडचा बांबोळी गाठतो. उद्या त्याच्यापुढे डुकराच्या हृदयाचा पर्याय ठेवला गेला, तर त्याच्या धर्मभावनेची, भीतीची आणि जगण्याच्या आशेची विचारपूस कोण करणार? मरणाच्या दारातला माणूस कशालाही होकार देतो. म्हणूनच त्याच्या होकाराला पूर्ण संमती समजू नये. तो काय स्वीकारतो आहे आणि किती दिवसांसाठी, हे त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. परळच्या त्या शेतकऱ्याला तीन तास मिळाले. डॉ. सेन यांच्या धाडसाची आठवण ठेवताना त्याची आणि प्रयोगशाळेतल्या त्या मुक्या जीवांचीही आठवण ठेवणे न्यायाचे होईल.