फ्रँकेन्स्टाइनची जननी : मेरी शेली

मनुष्याने स्वतःच्या हाताने उभी केलेली शक्ती त्याच्यावरच उलटली, की आपण तिला भस्मासुर म्हणतो. इंग्रजीत तिलाच फ्रँकेन्स्टाइन म्हणण्याची प्रथा आहे. अग्रलेखांतून आणि व्याख्यानांतून ही दोन्ही नावे जणू एकाच अर्थाची म्हणून वापरली जातात. वस्तुतः ज्या कादंबरीमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले, तिच्यात ते राक्षसाचे नाही, त्याला घडविणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचे आहे. राक्षसाला नावच नाही. शिवाय भस्मासुर वर मिळताच उन्मत्त झाला. हा अनामिक जीव मात्र जन्मतःच टाकून दिला गेला म्हणून क्रूर झाला. हा भेद कोठून आला, हे समजण्यास त्या कादंबरीच्या लेखिकेचे चरित्र पाहिले पाहिजे.

मेरीचा जन्म 30 ऑगस्ट 1797 रोजी लंडन येथे झाला. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही स्त्रियांच्या हक्कांचा निर्भीडपणे पुरस्कार करणारी विदुषी, तर वडील विल्यम गॉडविन हे त्या काळचे गाजलेले राजकीय तत्त्वचिंतक. परंतु मेरीच्या जन्मानंतर अवघ्या अकरा दिवसांतच सूतिकाज्वराने तिच्या आईचे निधन झाले. सेंट पँक्रास चर्चच्या आवारात आईची कबर होती. तिच्यावर कोरलेले नाव हाच मेरीच्या अक्षरओळखीचा पहिला धडा, असे सांगतात. ती चार वर्षांची असताना घरात सावत्र आई आली. त्या दोघींचे कधीच जमले नाही. वडिलांचा ग्रंथसंग्रह आणि आईची कबर ही मुलीची दोन विसाव्याची स्थाने झाली.

गॉडविन यांच्याकडे येणाऱ्या तरुण चाहत्यांत पर्सी शेली हा कवी होता. तो विवाहित होता. जुलै 1814 मध्ये सोळा वर्षांची मेरी त्याच्यासमवेत घर सोडून युरोपात निघून गेली. विवाहबंधनावर लेखणीने प्रहार करणाऱ्या पित्याने मुलीला मात्र घराचे दार बंद केले. फेब्रुवारी 1815 मध्ये तिला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. नाव ठेवण्याआधीच ती थोड्या दिवसांत दगावली. पुढे मेरीला स्वप्न पडले, की बाळ केवळ गारठले होते आणि शेकोटीजवळ चोळून ऊब देताच ते पुन्हा जिवंत झाले. ही नोंद तिच्या रोजनिशीत आहे. निर्जीव देहात प्राण परत आणण्याची कल्पना तिच्या मनात प्रथम अशा रीतीने शिरली होती.

1816 च्या उन्हाळ्यात ती शेलीसह स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराकाठी राहिली. जवळच कवी लॉर्ड बायरनचा मुक्काम होता. आदल्या वर्षी, एप्रिल 1815 मध्ये, आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या धुळीने सूर्यप्रकाश मंदावून युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा उगवलाच नाही. सततच्या पावसाने घरात अडकलेल्या या मंडळींनी भुतांच्या कथा वाचल्या, आणि प्रत्येकाने एकेक भयकथा लिहावी असे बायरनने सुचविले. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. कित्येक दिवस तिला काही सुचेना. एके रात्री प्राणशक्तीच्या शोधाविषयी पुरुषमंडळींची चर्चा ऐकून ती झोपावयास गेली, आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला दिसले, की एक विद्यार्थी आपण जोडलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसला आहे, आणि तो देह हळूहळू हलू लागला आहे.

लिखाण चालू असता मरणे थांबली नाहीत. ऑक्टोबर 1816 मध्ये तिच्या सावत्र बहिणीने आत्महत्या केली. डिसेंबरमध्ये शेलीच्या पहिल्या पत्नीचा मृतदेह लंडनच्या एका तळ्यात सापडला. त्याच महिन्याच्या अखेरीस मेरी व शेली यांचा विवाह झाला. 1 जानेवारी 1818 रोजी ‘फ्रँकेन्स्टाइन’ प्रसिद्ध झाली ती लेखिकेच्या नावाविना, केवळ 500 प्रतींची. प्रस्तावना शेलीची असल्याने अनेकांना कादंबरीही त्याचीच वाटली.

या कथेतील व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन मृतांचे अवयव जोडून आठ फूट उंचीचा देह घडवितो. पण त्याने डोळे उघडताच त्याच्या कुरूपतेला भिऊन पळून जातो. तो जीव एकटाच अरण्यात भटकतो आणि एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. भिंतीच्या फटीतून तो आतल्या कुटुंबाचे बोलणे ऐकतो, आणि ऐकता ऐकता भाषा शिकतो, वाचू लागतो. आपल्यालाही या कुटुंबात थारा मिळेल, या आशेने एके दिवशी तो आत जातो. घरातील आंधळा वृद्ध त्याच्याशी ममतेने बोलतो. पण डोळस मुले परत येताच त्याला मारून हाकलतात. तेथून त्याच्या सूडाचा प्रवास सुरू होतो. परमुलखात राहून मुलांना घरच्या घरी मराठी देणाऱ्या आपल्यासारख्यांना हे प्रकरण विशेष भिडावे. भाषा कानांवर पडणे आणि त्या भाषेच्या घरात घेतले जाणे, या दोहोंतील अंतर केवढे असते, ते येथे दिसते.

राक्षसाचा पहिला बळी व्हिक्टरचा धाकटा भाऊ, विल्यम नावाचा बालक. मेरीने हे लिहिले तेव्हा तिचा स्वतःचा तान्हा मुलगाही विल्यमच होता. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर त्याच वर्षी व्हेनिस येथे तिची मुलगी क्लॅरा वारली, आणि जून 1819 मध्ये रोम येथे साडेतीन वर्षांचा विल्यमही गेला. 8 जुलै 1822 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात नौका बुडून शेलीचा अंत झाला. चोविसाव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा मेरीजवळ उरला तो एकुलता एक मुलगा, पर्सी फ्लॉरेन्स.

1823 मध्ये ती लंडनला परतली तेव्हा तिच्या कादंबरीचे नाटक तेथे गाजत होते. हस्तपत्रिकेत राक्षसाच्या नावाच्या जागी केवळ रिकामी रेघ होती, ही कल्पना तिला आवडली. पण त्या नाटकात राक्षस मुका होता. 1931 च्या प्रसिद्ध चित्रपटातही तो मुकाच राहिला. ज्याने एवढ्या कष्टाने वाणी मिळविली आणि स्वतःची कैफियत मांडली, त्याचीच वाणी रंगभूमीने व पडद्याने काढून घेतली. त्याचा भस्मासुर झाला तो येथे.

पुढची अनेक वर्षे तिने लेखणीवर संसार चालविला. सासऱ्याने नातवासाठी तुटपुंजा तनखा दिला, पण शेलीचे चरित्र प्रसिद्ध करावयाचे नाही या अटीवर. तेव्हा तिने 1839 मध्ये पतीच्या कवितांचा संपादित संग्रह काढला आणि त्याच्या टिपांतून चरित्र सांगितलेच. मुलाला तिने उत्तम शिक्षण दिले. 1 फेब्रुवारी 1851 रोजी लंडनमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ती निवर्तली.

नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथांनी भयकथेची गोडी लागलेल्या तरुण वाचकांनी या परंपरेचे मूळ अवश्य पाहावे. प्रथम ‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचावी. मग जिनिव्हाच्या त्याच बैठकीतून उगम पावलेली, बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची ‘द व्हँपायर’ (1819) ही छोटी कथा घ्यावी. रक्तपिपासू उमरावाची ही परंपरा पुढे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (1897) पूर्णत्वास गेली. स्टीव्हन्सनची डॉ. जेकिल व मि. हाइड यांची कथा (1886) एका बैठकीत वाचून होते. अखेरीस मेरीचीच ‘द लास्ट मॅन’ (1826) हाती घ्यावी. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस महामारीने मानवजात नष्ट होते आणि एकच मनुष्य मागे उरतो, अशी ती कथा आहे. आपली कित्येक जिवलग माणसे गमावलेल्या स्त्रीने ती लिहिली, आणि 2020 ची महामारी पाहिलेल्या आपल्याला ती अपरिचित वाटणार नाही.

या सर्व ग्रंथांत अंगावर काटा आणणारे प्रसंग पुष्कळ आहेत. तथापि ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील सर्वांत भयंकर क्षण रक्तपाताचा नाही. नुकत्याच उघडलेल्या डोळ्यांनी एक जीव आपल्या जन्मदात्याकडे पाहतो, हात पुढे करतो, आणि जन्मदाता दार लोटून निघून जातो. जन्मतःच आईला पारखी झालेल्या मुलीवाचून हा क्षण दुसऱ्या कोणाला लिहिता आला असता, असे वाटत नाही.