पंडिता रमाबाई : शंकेपासून भाषांतरापर्यंत

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाई डोंगरे यांना आईवडिलांकडून संस्कृत विद्येचा वारसा लाभला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले.

वैधव्यानंतर १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. स्वकीयांचा रोष त्यांनी पत्करला. परंतु नव्या धर्मगुरूंपुढेही आपली बुद्धी गहाण ठेवली नाही. त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्ताचे देवत्व कोणत्या अर्थाने मानावे, अशा प्रश्नांवर सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चर्चची आज्ञा एवढेच प्रमाण त्यांना पुरेसे वाटत नसे. मूळ वचन स्वतः तपासावे, हा त्यांचा आग्रह होता. शास्त्रार्थाचे बाळकडू घेतलेल्या मनाचाच तो स्वभाव होता.

या आग्रहाची परिणती केडगावच्या मुक्तिसदनात झाली. उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. त्याच्या छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनीच केले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी त्यांचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ साली प्रकाशित झाला. शंका ही श्रद्धेची वैरीण नव्हे, हे त्या ग्रंथामागील परिश्रमांतून वाचकांस आजही उमगते.