गच्चीवरचा चार्ली

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. प्लॉट कसे मिळाले, पहिली बोअर किती फुटांवर लागली, टँकरच्या रांगेत कोण कुणाशी भांडलं, हे सगळं जुन्या सभासदांनी या अंकात लिहिलंच असणार. मी नागापूर एमआयडीसीत ३० वर्षं मशीनवर काम केलेला माणूस. लेखणीची सवय हजेरीपटावरच्या सहीपुरती. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात होती. या २५ वर्षांत आपल्या गणेशोत्सवात कीर्तनकार आले, डॉक्टर आले, पुढारी आले. सगळ्यांना शाल-नारळ दिला, त्यांचे फोटो सोसायटीच्या ऑफिसात लावले. एका पाहुण्याचा मात्र फोटो नाही. तो दीड तास आपल्या गच्चीवर होता आणि एक शब्द बोलला नाही. त्याचं नाव चार्ली चॅप्लिन.

नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गणपतीचा सहावा की सातवा दिवस होता. गच्चीवर पांढरी चादर बांधून एक मराठी विनोदी सिनेमा दाखवायचं ठरलं होतं. बायका, पोरं, म्हातारी माणसं चटया टाकून बसली, आणि ऐन वेळी स्पीकरने मान टाकली. चित्र हलतंय, तोंडं हलतायत, आवाज नाही. लोक उठायला लागले. तेवढ्यात एका मुलाने त्याच्याकडचा 'सिटी लाइट्स' लावला. त्याला संगीत आहे, पण संवाद नाहीत. स्पीकरवाचून अडत नव्हतं.

माझी आई पुढच्याच चटईवर बसली होती. तिला तेव्हा जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण त्यात माणसांपेक्षा भांड्यांचाच आवाज जास्त येतो म्हणून ती ते डब्यात ठेवून द्यायची. घरात टीव्हीवर काही विनोदी लागलं की आम्ही हसायचो, आणि आमची तोंडं बघून ती हसायची. कायम एक क्षण उशिरा. काय झालं, असं तिने विचारलं की मी नंतर सांगतो म्हणायचो. आणि सांगायचो नाही. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण खरं आहे ते असं आहे.

सिनेमा सुरू झाला. गावात पुतळ्याचं अनावरण आहे, पुढारी भाषणं ठोकतायत, कापड ओढतात तर पुतळ्याच्या मांडीवर एक फाटका माणूस झोपलेला. गच्चीवर हशा पिकला, आणि त्यात आईचं हसू होतं. उशिरा नव्हे, सगळ्यांच्या बरोबर. पुढे बॉक्सिंगच्या प्रसंगात तो पंचाच्या पाठीमागे लपून लपून नाचतो, तिथे तर ती सगळ्यांच्या आधी हसली. मी पडदा सोडून तिच्याकडेच बघत बसलो. मधे मधे येणाऱ्या इंग्रजी पाट्या तिला वाचता येत नव्हत्या. त्याचंही काही अडलं नाही.

तेव्हापासून या माणसाची चौकशी करायची सवय लागली. वाचनालयातून भा. द. खेरांचं 'हसरे दुःख' आणलं, मग जे मिळेल ते वाचलं, बघितलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

चार्ली १६ एप्रिल १८८९ रोजी लंडनमध्ये जन्मला. आई हॅना आणि वडील दोघंही नाट्यगृहांत गाणी म्हणणारे कलावंत. वडील दारूच्या आहारी गेले, वेगळे झाले आणि १९०१ मध्ये चाळिशीही न गाठता वारले. घर आईच्या गळ्यावर चालायचं. आणि तो गळाच बसायला लागला. चार्ली पाच वर्षांचा असताना सैनिकांच्या एका छावणीच्या गावी ती गात होती. मधेच आवाज फाटला, लोक ओरडायला लागले, तिला आत यावं लागलं. व्यवस्थापकाने या पोराला हाताला धरून रंगमंचावर नेऊन उभं केलं. त्याने गाणं सुरू केलं, लोकांनी पैसे फेकले. पोरगं गाणं थांबवून म्हणालं, आधी पैसे गोळा करतो, मग म्हणतो. लोक खूष. पुढे त्याने नकला केल्या, आणि करता करता आईचा फाटलेला आवाजही जसाच्या तसा काढून दाखवला. त्यावर लोक आणखी हसले. पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही, तो पाच वर्षांचाच होता. त्या गावी आई पुन्हा कधी गायली नाही. आवाज गेला तो गेलाच.

मग गरिबी आली. आई आणि दोन मुलं, चार्ली आणि त्याचा मोठा सावत्र भाऊ सिडनी, सरकारी अनाथालयासारख्या कामगृहात भरती झाली. आईला वेगळीकडे ठेवलं, मुलांना वेगळीकडे. एकदा आईने युक्ती केली. आम्हाला सोडा म्हणून अर्ज दिला, तिघं बाहेर पडली, बागेत गेली. सिडनीकडच्या चिल्लर पैशांतून चेरी विकत घेऊन खाल्ल्या, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून दिवसभर खेळली, आणि संध्याकाळी तिघं पुन्हा दारात हजर. परत भरती करून घ्या! अधिकाऱ्यांना पुन्हा सगळे कागद रंगवावे लागले. हे वाचून मी हसलो, आणि मग पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो. पुढे आईच्या डोक्यावर परिणाम झाला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

आणखी एक प्रसंग आहे. घराजवळच्या रस्त्यावरून मेंढ्या खाटीकखान्यात जायच्या. एकदा एक मेंढी सुटली. तिला धरायला धावणारी माणसं एकमेकांवर आपटत होती, बघणारे हसत होते, चार्लीही हसत होता. आपल्या घोडेगावच्या बाजारात जनावर सुटलं की होतो तसाच तमाशा. शेवटी मेंढी सापडली आणि तिला आत नेलं. तेव्हा पोराच्या लक्षात आलं, आत म्हणजे कुठे. तो रडत आईकडे पळाला. मोठेपणी त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की आपल्या सिनेमांचं बी कदाचित त्या दिवशी पडलं असावं.

नाटक मंडळ्यांतून कामं करत करत तो अमेरिकेला पोचला आणि १९१३ च्या अखेरीस सिनेमा कंपनीत नोकरीला लागला. पगार आठवड्याला १५० डॉलर. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत ३ मे १९१३ ला लागला. त्यानंतर नऊच महिन्यांनी, फेब्रुवारी १९१४ मध्ये, चार्लीचा तो वेश पहिल्यांदा पडद्यावर आला. ढगळ विजार, तंग कोट, छोटी टोपी, नको तेवढे मोठे बूट, हातात काठी आणि ओठावर मिशीचा ठिपका. वर बघितलं तर साहेब, खाली बघितलं तर भिकारी. दोनच वर्षांत त्याचा करार वर्षाला ६,७०,००० डॉलरचा झाला. १९१९ मध्ये त्याने तीन भागीदारांबरोबर स्वतःची कंपनी काढली.

त्याच वर्षी त्याचं पहिलं मूल जन्माला आलं आणि तीन दिवसांत गेलं. त्यानंतर लवकरच त्याने 'द किड'चं काम सुरू केलं. टाकून दिलेलं पोर एक फाटका माणूस वाढवतो, आणि अधिकारी ते ओढून न्यायला येतात. कामगृहाच्या दारात आईपासून तुटलेल्या पोराला हे शिकवावं लागलं नसणार. तो सिनेमा १९२१ चा. त्याच वर्षी त्याने आईला अमेरिकेत आणून समुद्राजवळ घर दिलं, देखभालीला माणसं ठेवली. १९२८ मध्ये ती तिथेच वारली.

तो साधू नव्हता हेही सांगायला पाहिजे. पहिली दोन लग्नं त्याने १६ वर्षांच्या मुलींशी केली आणि दोन्ही मोडली. कामावर तो माणसांना रडकुंडीला आणायचा. 'सिटी लाइट्स'मध्ये फुलं विकणारी आंधळी मुलगी त्याला श्रीमंत समजते, एवढा छोटा प्रसंग त्याने तीनशेहून जास्त वेळा चित्रित केला. अडचण ही, की आंधळ्या मुलीला हा माणूस श्रीमंत का वाटावा? खूप दिवसांनी उत्तर सापडलं. तो रस्ता ओलांडताना उभ्या मोटारीच्या एका दाराने शिरतो, दुसऱ्या दाराने उतरतो, आणि दार लागल्याचा आवाज तिला ऐकू येतो. गंमत बघा, मुक्या सिनेमाची सगळी गोष्ट एका आवाजावर उभी, आणि तो आवाज आपण नुसता बघायचा. आईला तो बरोबर कळला होता.

तेव्हा बोलपट येऊन तीन वर्षं झाली होती. सगळं जग बोलायला लागलं होतं. 'सिटी लाइट्स' जानेवारी १९३१ मध्ये लागला आणि मार्चमध्ये मुंबईत 'आलम आरा'. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण त्याचं म्हणणं सरळ होतं. हा फाटका माणूस इंग्रजी बोलला की तो इंग्रजांचाच होणार, बाकीच्या जगाला कळणार नाही. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती माझी समजूत आहे. आईचा आवाज गेला म्हणून लोक तिला हसले, हे त्याने पाहिलं होतं. आवाज नसतानाही माणसं आपल्या बाजूने हसतील, हे त्याला करून दाखवायचं असेल.

त्याच वर्षी २२ सप्टेंबरला लंडनमध्ये तो महात्मा गांधींना भेटला. गांधीजींनी त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. चार्लीने विचारलं, यंत्रांना तुमचा विरोध का? गांधीजींनी आपली बाजू समजावून सांगितली. पाच वर्षांनी 'मॉडर्न टाइम्स' आला. त्यात हा कारखान्यात नट आवळून आवळून असा होतो, की सुट्टी झाली तरी हात थांबत नाहीत. लोक हसतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू शकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाळी संपवून घरी जेवायला बसलो की माझंही उजवं मनगट आपोआप फिरायचं. आईने ते पाहिलं होतं. काही न बोलता ती भाकरी मोडून ताटात ठेवायची.

१९५२ मध्ये तो सहकुटुंब लंडनला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. राजकारणाचा संशय. चाळीस वर्षं ज्या देशाला हसवलं त्याने दार लावून घेतलं. मग तो स्वित्झर्लंडमध्ये राहिला. तिथे १९५३ मध्ये त्याच्या घरी पंडित नेहरू गेले होते. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असलेले तेच नेहरू. वळणाच्या रस्त्यावरून गाडी भरधाव चाललेली, नेहरू शांतपणे राजकारण बोलतायत, आणि चार्लीचा जीव मुठीत. एकदम ब्रेक लागला. मागच्या गाडीतली लेक तिथून दुसरीकडे जाणार होती. नेहरू उतरले, तिला जवळ घेतलं आणि सांभाळून जा म्हणाले. चार्लीला वाटलं, हे खरं तर लेकीने बापाला सांगायला हवं होतं.

अमेरिकेने १९७२ मध्ये त्याला बोलावून ऑस्कर दिलं. लोक बारा मिनिटं उभे राहून टाळ्या वाजवत होते. १९७७ च्या नाताळच्या दिवशी तो गेला. पण तेवढ्यावर थांबेल तो चार्ली कसला! दोन महिन्यांनी चोरांनी त्याची शवपेटीच पळवली आणि खंडणी मागितली. बायकोने एक पैसा दिला नाही. शेवटी पेटी एका मक्याच्या शेतात पुरलेली सापडली.

आता त्या रात्रीचा शेवट. सिनेमात ती मुलगी डोळस होते. समोरचा भणंग तिला ओळखू येत नाही. दयेने त्याच्या हातावर नाणं ठेवताना तो हात ओळखीचा लागतो. दोघं एकमेकांकडे बघतात आणि सिनेमा संपतो. गच्चीवर कुणी उठलं नाही. आई पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती. जिना उतरताना तिने विचारलं, पुढे ती त्याला घरात घेते का? मी म्हणालो, दाखवलेलं नाही. तिने ठरवून टाकलं, निदान चहा तरी देईल.

त्यानंतर मी नंतर सांगतो म्हणणं कमी केलं. बंद झालं असं म्हणणार नाही. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

कमिटीला मी विनंती केली होती, ती मान्य झाली आहे. रौप्यमहोत्सवाच्या शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर 'सिटी लाइट्स' पुन्हा दाखवणार आहोत. चटया आपापल्या आणाव्यात. पुढची रांग आजी-आजोबांसाठी राखून ठेवली आहे. स्पीकर चालला तर लावू, नाही चालला तर तसंच बघू.