सय्यद अब्दुल रहीम : जकार्ताच्या सुवर्णपदकामागील शिक्षक

आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाने आजवर दोन सुवर्णपदके मिळविली. पहिले 1951 साली दिल्लीत, दुसरे 1962 साली जकार्तात. दोन्ही वेळा संघ वेगळा होता, कर्णधार वेगळा होता आणि खेळण्याची पद्धतही पूर्णपणे बदललेली होती. बदलला नव्हता तो फक्त प्रशिक्षक. हैदराबादच्या शाळांत मुलांना शिकविणारे सय्यद अब्दुल रहीम हे ते प्रशिक्षक होत.

रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि काचीगुडा, चादरघाट अशा भागांतील शाळांमध्ये शिक्षक म्हणून काम केले. तरुणपणी ते स्वतः चांगले फुटबॉल खेळत. परंतु त्यांची खरी ओळख मैदानाबाहेर उभे राहून खेळ वाचणारा माणूस अशीच झाली. निजामाच्या राजवटीतील हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा मराठवाडाही होता, फुटबॉलला मोठा लोकाश्रय होता. 1940 च्या दशकाच्या पूर्वार्धात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद रहीम यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

त्यांच्या कामाची सुरुवात मुलांपासून झाली, हे विशेष नोंदविण्याजोगे आहे. त्या काळी आपल्याकडे चेंडू पायाशी खेळवत तीन-चार जणांना चकवणारा खेळाडू मोठा मानला जाई आणि प्रेक्षकही त्यालाच टाळ्या देत. रहीम यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू पायाशी ठेवून चकवण्यासच बंदी होती; चेंडू मिळताच तो सहकाऱ्याकडे द्यावा लागे. काही स्पर्धांत खेळाडूला केवळ आपल्या कमकुवत पायानेच खेळण्याची मुभा असे. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाला अख्खा सामना डाव्या पायाने खेळावा लागला, तर पहिल्या दिवशी त्याची फजिती होणार हे उघड आहे. वर्षभराने मात्र त्याच मुलाचे दोन्ही पाय तयार झालेले असत. वर्गात कच्च्या विषयाचा अभ्यास अधिक करवून घेणाऱ्या शिक्षकाचीच ही रीत होती.

या शिस्तीची फळे देशाने प्रथम मुंबईत पाहिली. रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजवर येणाऱ्या मुंबईकर प्रेक्षकांना कोलकात्याच्या संघांची सवय होती. दक्षिणेतून आलेला हा पोलिसांचा संघ त्यांना पाहता पाहता आपलासा वाटू लागला. दिल्लीतील ड्युरँड चषकावरही या संघाने नाव कोरले. पुढे 1956 आणि 1957 साली हैदराबादने संतोष करंडक लागोपाठ दोनदा पटकाविला.

1950 पासून राष्ट्रीय संघाची जबाबदारीही रहीम यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील संघाने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी तीन गोलांनी हरविले आणि अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या एकमेव गोलवर इराणचा पराभव केला. या यशाने हुरळून जाण्यास वेळ मिळाला नाही. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. थंडीत, ओल्या मैदानावर आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. परंतु पराभवाचे कारण केवळ पायातील बूट नव्हते, हे रहीम यांनी ओळखले. त्याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीच्या खेळाने जगभरच्या प्रशिक्षकांना नव्याने विचार करावयास लावले होते. मध्यआघाडीच्या खेळाडूस मागे खेचून बचावफळीला गोंधळात टाकण्याची ती पद्धत रहीम यांनी आपल्या संघात आणली. चार-दोन-चार ही रचना 1958 च्या विश्वचषकातील ब्राझीलच्या विजयाने जगभर रूढ झाली; भारतीय संघ त्याआधीच तिच्या वाटेवर चालू लागला होता.

मेलबर्नच्या 1956 च्या ऑलिंपिकमध्ये याचा प्रत्यय आला. समर बॅनर्जी कर्णधार होते आणि संघात हैदराबादच्या खेळाडूंचा भरणा होता. हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तेथे यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे नमविले. त्यांपैकी तीन गोल गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसोझा यांनीच केला. त्यानंतर मात्र प्रतिस्पर्ध्यांनी चार गोल चढविले. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने 3-0 असा विजय मिळविला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो आशियातील पहिला संघ होता.

1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत गटातच बाद झाला, परंतु तो संघ दुबळा नव्हता. हंगेरीकडून 2-1 असा निसटता पराभव, फ्रान्सशी 1-1 अशी बरोबरी आणि पेरूकडून 3-1 अशी हार. या पथकात रहीम यांचे पुत्र सय्यद अब्दुल हकीम हेही होते. तिन्ही सामन्यांत त्यांना मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही.

जकार्ताला निघण्यापूर्वीच रहीम यांची प्रकृती ढासळू लागली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. स्पर्धेची सुरुवातही निराशाजनक झाली. दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले. थायलंडविरुद्ध 4-1 असा विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला खोल जखम होऊन टाके घालावे लागले. जपानला 2-0 असे नमवून संघ उपांत्य फेरीत आला. आता जर्नेल यांना बाहेर ठेवावे, तर ताकद कमी होते. बचावात खेळवावे, तर जखम उघडण्याचा धोका. रहीम यांनी त्यांना थेट आघाडीवर उतरविले. पूर्वी ते आघाडीवर खेळलेले होते, हे प्रशिक्षकाच्या ध्यानात होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या 3-2 अशा विजयात कर्णधार चुनी गोस्वामी यांचे दोन आणि जर्नेल यांचा एक गोल होता.

अंतिम सामन्याच्या वेळी वातावरण कमालीचे तापले होते. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्याविरुद्ध भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठविल्याने जकार्तात भारताविरुद्ध निदर्शने झाली, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. त्याची झळ खेळाडूंनाही बसली. सामन्याच्या आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंना एकत्र बोलावून आपल्यासाठी सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्या संघातील खेळाडू पुढे सांगत असत.

4 सप्टेंबर 1962 रोजी सेनायन स्टेडियमवर सुमारे लाखभर प्रेक्षक होते आणि त्यांतील बहुतेक भारताच्या विरोधात ओरडत होते. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. आजारातून उठलेले पीटर थंगराज गोलरक्षणासाठी उभे राहिले. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला, विसाव्या मिनिटाला डोक्यावर पट्टी बांधलेल्या जर्नेल सिंग यांनी दुसरा. कोरियाचा एकमेव गोल सामना संपत आला असताना झाला. भारत 2-1 असा विजयी ठरला. त्या संघात सिकंदराबादचे तुलसीदास बलराम होते, गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको होते, बंगालचे अरुण घोष होते.

त्यानंतर रहीम जेमतेम नऊ महिने जगले. 11 जून 1963 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. वय अवघे 53 वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात भारतीय फुटबॉलची घसरण एकदम झाली नाही. त्यांनी लावलेली शिस्त काही वर्षे टिकून होती. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन होते आणि प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी. वरिष्ठ संघाला आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यानंतर पदक मिळालेले नाही. युवा संघाने मात्र आणखी एक मजल मारली. 1974 साली बँकॉकमध्येच झालेल्या आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 2-2 असे बरोबरीत राहिले आणि दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. या वयोगटात भारताला मिळालेले ते एकमेव आशियाई विजेतेपद आहे. त्या मुलांचे प्रशिक्षक होते जकार्तात रहीम यांच्या हाताखाली खेळलेले अरुण घोष, आणि कर्णधार होता हैदराबादचाच एक तरुण, शब्बीर अली.